अवघड तेच थोर? : एका बेस सोलोच्या निमित्ताने

आमच्या महाविद्यालयात द्वितीय वर्ष कला शाखेत शिकणारा एक विद्यार्थी रविवारी सकाळी चर्चमध्ये बेस गिटार वाजवतो आणि उरलेल्या संध्याकाळी मित्रमंडळींबरोबर एका गॅरेजच्या मागच्या खोलीत. या चौघांचा जानेवारीअखेर नगरमध्ये पाऊण तासाचा कार्यक्रम आहे. (शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, तोंडातून मात्र अजून नगरच येते, ते वाचकांनी चालवून घ्यावे.) गाण्यांची वाटणी झाली तेव्हा गिटारवाल्याने आणि गाणाऱ्या मुलीने आपापला वाटा मागून घेतला, ड्रमवाल्याला न मागताच मिळाला, आणि शेवटी कुणाच्या तरी लक्षात आले की याला काहीच दिलेले नाही. मग त्याला एक मिनिट देण्यात आले. त्या मिनिटात कोणता गाजलेला सोलो बसवावा, हा प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला. माझ्याकडे का, तर सांस्कृतिक मंडळ माझ्या गळ्यात आहे आणि विद्यार्थिदशेत मी तबला वाजवत असे, एवढेच.

प्रश्न मला महत्त्वाचा वाटला आणि म्हणून मी तो स्टाफरूममध्ये काढण्याची चूक केली. चहा संपेपर्यंत तीन मते तयार होती. आमच्याच विभागातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘जे वाद्य मुळात ऐकूच येत नाही, त्याचा सोलो कसला? आणि ते आपले तरी आहे का?’ संगणकशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक स्वतः गिटार वाजवतात. त्यांचे म्हणणे, जगात सर्वांत अवघड म्हणून जो ओळखला जातो तो घ्यावा आणि मिनिटभरात लोकांचे डोळे पांढरे करावेत. इतिहासाच्या मॅडमनी नगरच्या मातीशी नाते सांगणारा एक सोलो सुचवला, त्याकडे पुढे येतो.

मुलगा दुसरे मत घेऊन घरी गेला, हे सांगायला नकोच. विसाव्या वर्षी अवघडाची ओढ असतेच आणि ती असावीही. माझे भांडण त्याच्याशी नाही. ‘जे अवघड ते थोर’ हा जो निकष त्याच्या हातात सहजपणे ठेवण्यात आला, त्याच्याशी आहे. हा निकष वाद्यांपुरता राहिला असता तर मी येथे, साहित्यचर्चेच्या या जागेवर, शब्दही लिहिला नसता.

पण आधी पहिल्या मताचा निकाल लावू, कारण दुसरे मत त्याचेच अपत्य आहे.

‘ऐकूच येत नाही’ हे विधान बेसबद्दल जितके सांगते त्याहून अधिक ते ऐकणाऱ्याच्या सवयीबद्दल सांगते. आपल्या भाषेत एक वाक्प्रचार आहे: ‘लावले पुन्हा तेच तुणतुणे’. कंटाळवाणेपणाला, एकसुरीपणाला आपण तुणतुण्याचे नाव दिले. तमाशाच्या बोर्डावर मागे उभा राहून सुरत्या ज्या एका तारेवर सगळ्या फडाचा स्वर धरून ठेवतो, ती तार आपल्याला कटकट वाटली. ती तुटली तर पुढच्या गाणारणीचे काय होते, हे पाहण्याची वेळ फारशी कुणावर येत नाही, कारण सुरत्या ती तुटू देत नाही. ज्या समाजाने आधार देणाऱ्या स्वरासाठी आदराचा एक वाक्प्रचार घडवला नाही, त्याच्या स्टाफरूममध्ये बेस गिटारीची अशी थट्टा व्हावी यात नवल नाही.

बेस गिटारीला सामान्यतः चार तारा असतात. साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांचे जे स्वर, तेच बरोबर एक सप्तक खाली. लिओ फेंडर यांनी १९५१ साली हे वाद्य बाजारात आणले, त्याआधी हे काम पुरुषभर उंचीचा डबल बेस करी. काम दुहेरी आहे. ड्रमच्या हाताशी हात लावून ठेका धरायचा आणि त्याच वेळी स्वरांचा पाया कुठे आहे ते सांगायचे. दुसरे काम कानाला चटकन उमगत नाही, पण पेटीवर करून पाहता येते. वरच्या सप्तकात सा-ग-प एकत्र दाबून धरावेत आणि खाली खर्जात सा वाजवावा: उजळ, निश्चिंत असे काहीतरी ऐकू येते. आता वरची बोटे न हलवता खालचा सा सोडून त्याच्या खालचा ध दाबावा. वरचे तीन स्वर तेच आहेत, तरी चेहरा उतरलेला आहे. गिटारवाला काही बदलत नाही, गाणारा काही बदलत नाही, आणि गाण्याचा अर्थ मात्र बदलतो. हे ज्याच्या हातून होते त्याला ‘ऐकूच येत नाही’ म्हणणे म्हणजे वाक्यातल्या क्रियापदाला कमी लेखण्यासारखे आहे. राहुलदेव बर्मन यांच्या वादकचमूत बेस गिटार वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचे नाव किती श्रोत्यांना ठाऊक आहे? त्यांच्या बोटांतून निघालेल्या ओळी मात्र नकळत गुणगुणणारे लोक आपल्या घराघरांत सापडतील.

नगर-पुण्याकडच्या आमच्या पिढीला ‘बेस’ हा शब्द दुसऱ्याच वाटेने भेटला, हेही मान्य केले पाहिजे. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरांची भिंत रचलेली असते, तिला सगळेजण ‘डॉल्बी’ म्हणतात. त्या डॉल्बीतून निघणारा बेस कानांनी ऐकायचा नसतो, तो छातीवर घ्यायचा असतो. खिडकीच्या काचा थरथरल्या की बेस चांगला. ज्यांनी खर्ज असा धक्क्याच्या रूपातच ओळखला, त्यांना चार तारांवर हलक्या बोटांनी काढलेली ओळ ऐकू न येणे स्वाभाविक आहे. माझ्या सहकाऱ्यांची चूक एवढीच की त्यांनी आपल्या कानाची मर्यादा वाद्यावर ढकलली.

‘आपले आहे का?’ या प्रश्नाला नगरमध्ये तरी फार वेळ देऊ नये. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन या शहरात आले, आणि परक्या चालींवर मराठी शब्द बसवण्याची कसरत पुढे अनेक वर्षे चालली. त्याच शहरात एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले, आणि नारायण वामन टिळकांनी आपल्या भजन-अभंगांच्या वळणाने उपासनेची पदे लिहिली. परके घेताना काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा विचार या शहराने दीडशे वर्षांपूर्वी सुरू केला आहे. आमचा विद्यार्थी ज्या चर्चमध्ये वाजवतो, तिथे पेटी, ढोलक आणि बेस गिटार एकाच चटईच्या दोन टोकांना असतात. ‘आपले-परके’ हा प्रश्न त्याने विचारलेलाच नव्हता.

तर मग दुसरे मत. वाद्य कुणी मोजत नाही म्हटल्यावर वादकाला जी पहिली गोष्ट सुचते ती म्हणजे आपण मोजले जाऊ असे काहीतरी करून दाखवणे. जो नेहमी मागे उभा असतो त्याला पुढे आणले की तो ओरडतो. उपेक्षा आणि प्रदर्शन ही अशी एकाच घरातली भावंडे आहेत.

हे मी कुणाकडे बोट दाखवून लिहीत नाही, माझ्या स्वतःच्या हाताने हे पाप झालेले आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका स्पर्धेत वर्गातली एक मुलगी नाट्यपद गाणार होती आणि साथीला मी होतो. दोन महिने घासूनपुसून तयार केलेली एक लांबलचक तिहाई माझ्याजवळ होती. ती त्या पदाला नको होती, पण मला हवी होती. अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना ती मी घातली, बरोबर समेवर आणून सोडली, आणि सभागृहात टाळ्या झाल्या. ती मुलगी मात्र सम चुकली, मुखडा अर्ध्यावरून धरावा लागला, आणि तिचा क्रमांक गेला. परतीच्या एस.टी.त ती काहीही बोलली नाही. तिहाई आजही मला पाठ आहे. वाजवावीशी कधी वाटलेली नाही.

आता साहित्याकडे एक पाऊल. मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आरोप झाला, त्याला उत्तरे दिली गेली, आणि त्या वादाची धूळ खाली बसेपर्यंत मराठीत एक विचित्र गोष्ट घडून गेली. विरोधक आणि समर्थक, दोघांनी मिळून दुर्बोधता हाच कवितेचा मुख्य गुणधर्म ठरवला. एकाने तो दोष म्हणून मोजला, दुसऱ्याने पदक म्हणून. मर्ढेकरांची कविता जिथे अवघड आहे तिथे ती तिच्या गरजेने अवघड आहे, हे वाचणाऱ्याला कळते. पुढच्या कित्येकांनी गरज मागे ठेवली आणि अवघडपणा तेवढा उचलला. आमच्या अभ्यासक्रमांत, चर्चासत्रांत, प्रबंधांत हेच चालते: लेख कळला नाही की तो खोल आहे असे धरून चालायचे. संगणकशास्त्राच्या त्या तरुण मित्रांनी मर्ढेकर वाचलेले नसतील, परंतु ते ज्या हवेत श्वास घेतात ती आम्हीच, मराठीच्या प्राध्यापकांनी, तयार केलेली आहे.

गंमत अशी की याच मर्ढेकरांनी आपल्या सौंदर्यविचारात लयीची जी तीन तत्त्वे मांडली, संवाद, विरोध आणि समतोल, ती या मुलाच्या प्रश्नाला अवघडपणाच्या फूटपट्टीपेक्षा कितीतरी अधिक कामाची आहेत. सोलो म्हणजे काय? आतापर्यंत इतरांशी संवाद साधत चाललेला एक आवाज काही काळ विरोध म्हणून उभा राहतो आणि मग समतोल साधून परत येतो. बेसच्या बाबतीत यात एक पेच आहे, जो गिटारच्या बाबतीत नाही. गिटारवाला पुढे उडाला तरी खाली बेस असतो. बेसच उडाला तर खाली कोण? जमीनच नाचायला निघाली तर नाचणाऱ्यांनी पाय कुठे ठेवायचे?

आपल्या संगीताने हा पेच फार पूर्वी ओळखला आणि सोडवलाही. तबल्याचा एकल कार्यक्रम असतो तेव्हा पेटी किंवा सारंगी एका आवर्तनाचा लेहरा धरून बसते. एरवी ज्याने गवयाला जमीन दिली, त्याला आता दुसरा कुणी जमीन देतो. तबलजी कितीही दूर जाऊन आला तरी लेहरा तिथेच असतो, आणि तो तिथे असल्यामुळेच किती दूर जाऊन आला हे श्रोत्याला कळते. अहमदजान थिरकवा हे एकल तबलावादनातले केवढे नाव! पण त्यांनी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या मागे बसून वर्षानुवर्षे साथ केली होती, हे एकल वादनाची चर्चा करताना आपण तळटीपेत टाकतो. माझ्या मते ते मुख्य मजकुरात हवे. एका गळ्याची पुढची हालचाल आधी ओळखून तिला वाट करून देणारा जो कान साथीत तयार होतो, तोच पुढे एकल वादनात बोलतो.

तेव्हा बेस सोलो निवडताना विचारायचा पहिला प्रश्न ‘किती अवघड?’ हा नव्हे. ‘मी बाहेर पडलो की जमीन कोण धरणार?’ हा आहे. या प्रश्नाच्या उजेडात त्या मुलाने आणलेली यादी पाहू. यादी वाईट नव्हती, हे आधी सांगतो. त्यातले प्रत्येक काम आपापल्या जागी उत्तम आहे.

पहिले नाव जॅको पास्टोरियसच्या ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’चे. १९७६च्या पहिल्याच अल्बममधली ही रचना. तारेवर बोट न दाबता विशिष्ट ठिकाणी नुसते टेकवून घंटेसारखे जे उंच स्वर निघतात, त्यांतून तिचा बराचसा भाग विणलेला आहे. जॅको एकटाच वाजवतो, आणि खालचे खर्जाचे स्वरही तोच सांभाळतो. म्हणजे जमिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ होते. पण ते शांत खोलीतले उत्तर आहे. नगरच्या भाड्याच्या ध्वनिव्यवस्थेवर, पंख्यांच्या घरघरीत, मागच्या रांगेत वडापाव चाललेला असताना त्या घंटा दुसऱ्या रांगेपलीकडे पोहोचणार नाहीत. शिवाय दोन दणदणीत गाण्यांच्या मध्ये ती रचना ठेवणे म्हणजे पोवाड्याच्या मध्यात कुणी हळूच ओवी पुटपुटण्यासारखे होईल.

दुसरे क्लिफ बर्टनचे, मेटॅलिकाच्या १९८३च्या पहिल्या अल्बममधले ‘अॅनेस्थेशिया’. बेसला गिटारीसारखा फाटका, किंचाळता आवाज देऊन वाजवलेले. काही वेळाने ड्रम येऊन मिळतात. बर्टन १९८६ साली चोविसाव्या वर्षी बस अपघातात गेला, त्यामुळे या रचनेभोवती तरुणांमध्ये एक हळवेपणाही आहे. मला ते ऐकायला आवडते. पण ते बेसने गिटार होऊन दाखवणे आहे. ज्या मुलाची तक्रार ‘मला कुणी मोजत नाही’ अशी आहे, त्याने मोजले जाण्यासाठी शेजाऱ्याचा सदरा घालू नये, एवढेच मी त्याला म्हणालो.

तिसरे मात्र फार मजेचे निघाले. पॉल सायमनच्या १९८६च्या ‘यू कॅन कॉल मी अल’ या गाण्यात दक्षिण आफ्रिकेच्या बकिथी कुमालोने वाजवलेला बेसचा एक छोटासा तुकडा आहे. काही सेकंदांचा. सगळीकडे ‘जगातील अवघड बेस तुकड्यां’मध्ये त्याचे नाव असते आणि आमचा मुलगा आठवडाभर त्याच्या उत्तरार्धाशी झुंजत होता. स्वर सापडत होते, पण आवाजाचा तो चमत्कारिक उलटा झोका काही केल्या येत नव्हता. येणार कसा? त्या तुकड्याचा उत्तरार्ध म्हणजे पूर्वार्धाचीच ध्वनिफीत उलटी फिरवलेली आहे. कुमालोने अर्धाच वाजवला, उरलेला अर्धा यंत्राने. हे कळल्यावर मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. माणसाने कधी न वाजवलेली गोष्ट माणसाने शिकावी म्हणून जगभरची मुले बोटे झिजवत आहेत, अवघडाच्या पूजेचे याहून नेमके चित्र मला शोधूनही सापडले नसते. त्या गाण्यात तो उलटा तुकडा सुंदरच आहे, कारण तिथे तो एक थट्टा आहे. थट्टेचा कुणी गृहपाठ केला की ती संपते.

माझे मत पडले ते चौथ्या नावावर, आणि ते यादीत नव्हतेच. ब्रिटनच्या ‘द हू’ या चमूने १९६५ साली ‘माय जनरेशन’ हे गाणे काढले. त्यात जॉन एंटविसलचा बेस सोलो आहे. रॉक संगीतात ध्वनिमुद्रित झालेल्या अगदी सुरुवातीच्या बेस सोलोंपैकी हा एक. आजच्या मोजमापाने तो फारसा अवघड नाही. मुंबईत वाढलेल्या मोहिनी डे हिचे वादन ज्यांनी ऐकले आहे त्यांना तर तो बाळबोध वाटेल. संगणकशास्त्राचे मित्र म्हणाले, ‘सर, हे कुणीही वाजवेल.’

वाजवेल, परंतु तो ऐकावा कसा हे आधी पाहू. गाणारा रॉजर डाल्ट्री त्या गाण्यात मुद्दाम अडखळत गातो. शब्दाचे पहिले अक्षर पुन्हा पुन्हा येते, पुढे सरकत नाही. त्या वयाचा राग आहे पण त्याला शब्द सापडत नाहीत. आणि मग मधल्या जागेत गिटार दोन-चार फटके मारून थांबते आणि बेस उत्तर देतो. पुन्हा गिटार, पुन्हा बेस. गळा जिथे अडखळला तिथे इतका वेळ मागे उभा असलेला माणूस एकदम स्पष्ट बोलतो. सोलो गाण्यावर बाहेरून चिकटवलेला नाही. गाण्याला जे म्हणता येत नव्हते ते म्हणायला बेस पुढे आला आहे. त्याच्या प्रत्येक उत्तरानंतर तो मागे सरकतो आणि गिटारला जागा देतो. खाली ड्रमची जमीन अखंड चालू असते. मर्ढेकरांची तिन्ही तत्त्वे त्या काही सेकंदांत एखाद्याने वर्गात फळ्यावर काढून दाखवावीत इतकी उघड आहेत.

आणि हा आकृतिबंध आमच्या भागातल्या माणसाला कुणी शिकवायला हवा काय? सवाल-जवाब! ज्या संगमनेरात कांताबाई सातारकरांचा फड वाढला, त्या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला एकाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने त्याच लयीत, त्याच मापात, पण वरचढ जवाब द्यायचा, यातली रंगत समजावून सांगावी लागत नाही. सवालापेक्षा जवाब लांबला तर लोक हसतात, हेही त्याला ठाऊक असते. एंटविसलचा एकही जवाब लांबत नाही.

या सोलोच्या ध्वनिमुद्रणाची एक हकिकत प्रसिद्ध आहे. एंटविसलला तारांचा लखलखीत, धारदार आवाज हवा होता, म्हणून त्याने डॅनइलेक्ट्रो बनावटीचा बेस घेतला. त्याच्या तारा बारीक. त्या तुटल्या, आणि नुसत्या तारा लंडनमध्ये मिळेनात, म्हणून नवा बेसच विकत आणावा लागला. पुन्हा तोच प्रकार. अखेर त्याने फेंडर जॅझ बेसवर तो सोलो वाजवला. आमच्या विद्यार्थ्याला ही हकिकत सर्वांत आवडली, कारण नगरमध्ये बेसच्या तारा मिळत नाहीत आणि पुण्याहून मागवाव्या लागतात. एंटविसलबद्दल आणखी एक गोष्ट मी त्याला मुद्दाम सांगितली. मंचावर टाउनशेंड उड्या मारी, गिटार फोडी, कीथ मून ड्रम उलथे पाडी, डाल्ट्री माइक गरगरा फिरवी. एंटविसल एका जागी उभा असे. २००२ साली तो गेला तोवर त्याची ही उभे राहण्याची पद्धत बदलली नव्हती.

आता इतिहासाच्या मॅडमचे मत. त्यांनीही ‘द हू’चेच नाव घेतले होते, पण वेगळ्या कारणाने. नगरजवळच्या अरणगावात मेहेराबाद आहे, तिथे मेहेरबाबांची समाधी आहे. ‘माय जनरेशन’ लिहिणारा पीट टाउनशेंड पुढे मेहेरबाबांचा अनुयायी झाला, १९६९च्या ‘टॉमी’ या अल्बमवर त्याने बाबांचे नाव अवतार म्हणून छापले, १९७१च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या शीर्षकातला ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबाच, आणि १९७२ साली टाउनशेंड समाधीच्या दर्शनाला आलाही होता. कार्यक्रम जानेवारीअखेर. ३१ जानेवारीला अमरतिथी असते, जगभरचे लोक मेहेराबादला जमतात. तेव्हा ‘नगरचे नाते’ म्हणून हाच सोलो वाजवावा, निवेदनात तसे सांगावे, वर्तमानपत्रात बातमीही येईल.

म्हणजे त्यांचे आणि माझे उत्तर एकच आले. तरीही मला या कारणाला विरोध करावा लागतो, आणि तो करताना अवघडपणाला केला त्याहून थोडे अधिक धैर्य लागते, कारण आपल्याकडे अस्मितेच्या विरोधात बोलणारा लगेच परका ठरतो. साधी तारीख पाहावी. गाणे १९६५चे आहे. टाउनशेंडला मेहेरबाबांची ओळख झाली ती त्यानंतर. शिवाय अनुयायी झाला तो टाउनशेंड. सोलो वाजवला एंटविसलने. त्या तारांच्या एकाही झंकारात अरणगावची धूळ नाही. ‘आमच्या गावाशी संबंध आहे’ म्हणून एखादी कलाकृती जवळ करणे म्हणजे तिच्याकडे न पाहता तिच्या रहिवासी दाखल्याकडे पाहणे होय. आम्ही हे साहित्यात सतत करतो. नेवाशाच्या खांबाशी ज्ञानेश्वरी सांगितली गेली याचा नगर जिल्ह्याला अभिमान आहे, आणि तो असावा. पण प्रत्येक समारंभात तो अभिमान व्यक्त करणाऱ्यांपैकी किती जणांनी पहिला अध्याय संपवला आहे, हे विचारू नये. दुर्गाबाई भागवतांनी त्या खांबाकडे पाहिले तेव्हा त्यांना ‘पैस’ या शब्दातला अवकाश दिसला आणि तो त्यांच्या पुस्तकाचे नाव झाला. दुर्गाबाई काही नगरच्या नव्हत्या.

मॅडमना हे पटले नाही. ‘मुलाला चार लोक ओळखतील, त्यात तुमचे काय जाते?’ असे त्या म्हणाल्या. प्रश्न खोटा नाही. छोट्या गावातल्या बेसवाल्याला वर्षाकाठी एक मिनिट मिळते आणि त्या मिनिटात बातमी होण्याची संधी असेल तर मास्तराने तत्त्वज्ञान सांगू नये, ही बाजू मला दिसते. तरी मला असे वाटते की ज्या बातमीत सोलोबद्दल एक ओळ नसेल आणि समाधीबद्दल दहा असतील, तिने त्या मुलाला पुन्हा एकदा मागेच उभे केलेले असेल. त्यातून मेहेरबाबांनी १९२५ सालापासून देह ठेवीपर्यंत मौन पाळले होते. त्यांच्या नावाने एवढा गलका करणे कितपत योग्य, हेही मॅडमनी एकदा मनाशी ठरवावे. असो.

शिकण्याच्या पद्धतीबद्दल थोडे बोलून थांबतो. आज प्रत्येक सोलोचे आकडे मिळतात: चार रेघा, त्यांवर कोणत्या पडद्यावर बोट ठेवायचे ते अंक. मुले अंक पाहून बोटे ठेवतात आणि आठवड्यात सोलो ‘बसतो’. आमचे विद्यार्थी मार्गदर्शिका वाचून कादंबरीवरचे उत्तर लिहितात त्यातलाच हा प्रकार. मी त्याला अंक बंद करायला सांगितले. पहिले काही दिवस वाद्याला हात न लावता फक्त गिटारचे सवाल तोंडाने म्हणायचे, जवाबाच्या जागी गप्प राहायचे आणि ती जागा किती लांबीची आहे ते मोजायचे. मग जवाब तोंडाने म्हणायचे. तबल्याचे बोल आधी तोंडाने पढंत करतो, मग हाताने वाजवतो, तसेच. बोटांची पाळी शेवटी. जागा अंगात भिनली असेल तर एंटविसलचेच स्वर वाजवायची सक्तीही नाही. जवाब स्वतःचा द्यावा. माप मात्र तेच ठेवावे.

‘आणि सर, लोकांना कळलेच नाही तर? मी सोलो वाजवला हे?’ त्याने विचारले. मी काही तरी उत्तर दिले, ते फारसे चांगले नव्हते.

परवा गॅरेजच्या मागच्या खोलीत गेलो होतो. गिटारवाला कुरकुरत होता, कारण सोलो बेसचा असूनही त्यालाच सारखे मोजून थांबावे लागत होते, आणि दोनदा तो थांबायला चुकला. बेसवाला त्याला म्हणाला, ‘अरे, तू सवाल पूर्ण कर, मग मी आहे ना.’ पुण्याहून मागवलेल्या तारा अजून आलेल्या नाहीत. जुन्याच तारांवर, आवाज अगदी बारीक ठेवून, शेजारच्यांचा अभ्यास चालू असल्यामुळे, साडेआठपर्यंत त्यांचे तेच चालले होते.